रिकाम्या जागेची खरेदी

स्वतःच्या हातांनी मोटार बांधायला घेतलेल्या माणसाला लोक ठरलेले प्रश्न विचारतात. इंजिन कुठलं? पळते किती? रंग कोणता देणार? जरा जाणता भेटला तर गिअरबॉक्सची चौकशी करतो, आणि फारच जाणता असला तर 'घरचे काय म्हणतात?' असं हळू आवाजात विचारतो. पण कूलंटचा डबा कुठला घेतलास, हे मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. गंमत अशी की इंजिनाचा निर्णय चहा संपायच्या आत झाला होता. गिअरबॉक्स इंजिनाला चिकटूनच आला. रंगावर घरात मतभेद होते, ते रीतसर मतदानाने मिटले आणि मी हरलो. डब्याने मात्र आख्खा हिवाळा खाल्ला.

डबा म्हणजे बॉनेटखाली एका कोपऱ्यात बसलेला, पांढुरका, प्लॅस्टिकचा, आत गुलाबी नाहीतर हिरवट पाणी असलेला ऐवज. इथे इंग्लंडात त्याला एक्स्पान्शन टँक म्हणतात. पुण्याच्या गॅरेजात 'कूलंटची बाटली' म्हटलं की मेकॅनिकचा हात बरोबर तिथे जातो. विकतच्या गाडीत हा डबा असतो म्हणजे असतोच. आपण त्याच्याकडे वर्षातून एकदा, तेही लांबच्या प्रवासाला निघताना, घाईत बघतो. तो किती मोठा असावा, किती उंचावर असावा, त्याला नळ्या किती आणि कुठून निघाव्यात, हे कंपनीतल्या कुणा अनामिक इंजिनिअरने आपल्यासाठी ठरवून ठेवलेलं असतं. त्या अनामिकाविषयी माझ्या मनात अलीकडे अपार आदर दाटून आला आहे.

माझी गाडी किट कार. चौकट, पत्रे, सस्पेन्शनचं सामान खोक्यांतून घरी येतं, इंजिन-गिअरबॉक्स मोडीत निघालेल्या एखाद्या गाडीतून काढायचा, आणि घराच्या बाजूला जे गॅरेज असतं त्यात थंडीने नाक गाळत हे सगळं जोडायचं. ब्रिटनमध्ये हा छंद फोफावला तो कर वाचवण्याच्या खटपटीतून. कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन आणली तेव्हा तयार मोटारीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. मग गाडी सुटी करून विकायची! सोबत जोडणीची पुस्तिका दिली तर मात्र सवलत जायची. म्हणून लोटसने गाडी 'सुटी कशी करावी' याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचली, असं सांगतात. ही हकिगत इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिचे कोपरे गुळगुळीत झाले असणार, पण सदाशिव पेठेने उठून सलाम करावा अशी ती आहे खरी. १९७३मध्ये परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला, सवलत संपली, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. लोकांची खोड तेवढी गेली नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थांनी अवघ्या अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी, याचं पुस्तक लिहिलं. जुनी फोर्ड एस्कॉर्ट आणा, तिची आतडी काढा, चौकोनी नळ्या कापून चौकट वेल्ड करा. या घरगुती अवताराला 'लोकॉस्ट' असं नाव पडलं. आमच्या शेजारच्या आजोबांनी त्या काळात एक बांधली होती. अडीचशे पौंडांचा विषय काढला की त्यांना खोकला येतो.

तर डबा. या जातीच्या गाड्या इतक्या बुटक्या की सिग्नलला थांबलं तर शेजारच्या ट्रकच्या चाकाचे नट मोजत बसता येतं. नाकात रेडिएटर, त्याच्यामागे इंजिन, इंजिनामागे पत्र्याची भिंत आणि भिंतीमागे आपले पाय. माझं इंजिन फोर्डचं झेटेक. ते मुळात पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीसाठी, बॉनेटखाली आडवं बसवायला केलेलं. सेव्हनच्या घराण्यात ते लांबीच्या दिशेने, उभं बसवावं लागतं. तसं फिरवलं की गरम पाणी बाहेर पडायचं तोंड नेमकं मागच्या भिंतीकडे येतं. रेडिएटर पुढे, पाण्याचं तोंड मागे! शिवाय ते तोंड साऱ्या पाणीव्यवस्थेतलं सर्वांत उंच ठिकाण. पाण्यातून सुटलेली हवा चढून चढून तिथेच गोळा होणार. तिला तिथून आणखी वर, डब्यात जायला वाट द्यायची, म्हणजे डबा त्याहूनही उंच हवा. त्यावर लगेच बॉनेट. मधली जागा म्हणाल तर आडवा पंजा कसाबसा शिरेल एवढी.

यावर कुणी म्हणेल, मग बसव की थोडा खाली, दोन बोटांनी काय बिघडतं? बिघडतं. पाण्याच्या वाटेत हवेचा गोळा अडकला की तो हलत नाही. थर्मोस्टॅटपाशी अडकला तर थर्मोस्टॅटला कळतच नाही की पाणी तापलं आहे. तो साधारण ८८ अंशांना उघडायचा, पण त्याच्याभोवती पाणीच नाही, तर तो शांत बसून राहतो. तपमान मोजणारा सेन्सर हवेत लटकला तर त्याहून वाईट. इंजिन आतून भाजत असतं आणि डॅशबोर्डवरचा काटा आरामात मध्यावर उभा. मग एकदम पांढरा धूर, हेड गॅस्केट गेला, हेड वाकलं, आणि शनिवार-रविवारचं जेवण पुढचे काही महिने गॅरेजातच.

पण डब्याचं खरं काम हवेला घर देणं एवढंच नाही. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं पाणी १०० अंशांवर नेलं तर त्याचं आकारमान सुमारे चार टक्क्यांनी वाढतं. गोठू नये म्हणून ग्लायकोल मिसळलेलं असेल तर आणखी थोडं जास्त. माझ्या गाडीत इंजिन, रेडिएटर आणि नळ्या धरून साधारण सहा लिटर मावतं. म्हणजे गाडी तापली की पाव लिटरच्या वर पाणी नव्याने उपजतं आणि ते कुठेतरी जावं लागतं. पाणी दाबून लहान होत नाही. हवा होते. म्हणून डब्यात खाली पाणी ठेवायचं आणि वर हवा. मॅक्सची रेष जिथे मारलेली असते तिच्यावरची ती मोकळी जागा म्हणजेच डबा. बाकीचं प्लॅस्टिक हे त्या जागेचं वेष्टन. सबंध हिवाळाभर मी जे शोधत होतो, ज्याच्या किमती पडताळत होतो, ज्याच्या मापांच्या चिठ्ठ्या फ्रिजवर चिकटवत होतो, ते अर्धा-पाऊण लिटर काहीच नाही होतं.

आणि ते काहीच नाही, 'काहीच नाही' ठेवणं फार अवघड. आपला स्वभाव काठोकाठचा. दिवाळीचा फराळ भरताना डब्याचं झाकण दाबून लावावं लागलं नाही तर आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. मी मुंबईत पाहिलेले कितीतरी टॅक्सीवाले ही बाटली तोंडापर्यंत भरून वर आणखी थोडं पाणी गाडीच्या नावाने सोडायचे. तसं केलं की काय होतं? पाणी फुगतं, जागा नसते, दाब वाढत जातो आणि झाकण जास्तीचं पाणी बाहेर थुंकून टाकतं. गाडी आपल्याला हवी तेवढी जागा स्वतः करून घेते. पाणी मात्र रस्त्यावर जातं.

झाकणाला थुंकायचं ज्ञान कुठून आलं, हे ज्या घरात कुकर आहे तिथे सांगायची गरज नाही. बंद भांडं, आत पाणी, वर वजन. शिट्टीचा कुकर वातावरणाच्या दाबावर आणखी साधारण एक बार, इंग्रजी हिशेबात पंधरा पौंडांच्या आसपास दाब धरतो आणि आतलं पाणी १०० ऐवजी १२०च्या आसपास उकळतं. गाडीच्या रेडिएटरचं नेहमीचं झाकणही याच पंधरा पौंडांचं. जुन्या इंग्रजी गाड्यांची झाकणं सात पौंडांची असत, हल्लीची सव्वा-दीड बारपर्यंत जातात. फरक इतकाच की कुकरने शिट्टी दिली की घरात आनंद होतो. गाडीच्या झाकणात आणखी एक बारकी झडप असते, ती उलटी, आत उघडणारी. गाडी थंड झाली की पाणी आकसतं, आत पोकळी होते, तेव्हा ही झडप हवा किंवा पाणी आत घेते. ती अडकली की जाड रबरी होजपाइपसुद्धा सकाळी चपटे होऊन पडलेले दिसतात. आणि तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये ते का, हे शिट्टी न काढता कुकर उघडायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही विचारावं. दाब गेला की १०५-११० अंशांचं पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन तोंडावर येतं.

इथवर माझा गृहपाठ नीट झाला होता. मग मी बाजारात उतरलो आणि कळलं की एकमेकांसारख्याच दिसणाऱ्या डब्यांच्या दोन जाती आहेत आणि त्यांचा आपसात रोटीबेटी व्यवहार नाही. पहिली जात म्हणजे नुसती बाटली. तिच्यात दाब नसतो. झाकण रेडिएटरवर, ते उघडलं की जास्तीचं पाणी बारीक नळीने बाटलीत येतं, गाडी थंड झाली की त्याच नळीने परत ओढलं जातं. नळीचं टोक बाटलीत पाण्याखाली बुडलेलं हवं, नाहीतर परतीच्या वेळी पाण्याऐवजी हवा. मारुती ८००मधली बाटली या जातीची. दुसऱ्या जातीत झाकण डब्यावरच, डबा सगळ्यांत उंच, आणि इंजिनाचा सगळा दाब डबाही सोसतो. त्याला वरून एक बारीक नळी येते, ती हवा आणते. खालून एक जाड नळी जाते, ती पंपाच्या ओढणाऱ्या तोंडाशी पाणी पोचवते, म्हणजे पंप कधी कोरडा पडत नाही. वरची नळी उगाच मोठी ठेवली तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून इथूनच येरझारा घालू लागतं, म्हणून काही जण तिच्यात दोन-तीन मिलिमीटरचं भोक असलेली चकती बसवतात. पहिल्या जातीची बाटली आणून दुसऱ्या जातीचं काम दिलं तर ती फुग्यासारखी फुगते आणि मग फुग्यासारखीच वागते.

शेजारच्या आजोबांच्या लोकॉस्टला पहिल्या जातीची बाटली आहे. तिच्यात पूर्वी संत्र्याचं सरबत होतं. लेबलाचा अर्धा तुकडा अजून शिल्लक आहे, त्यावरचं संत्रं उन्हाने फिकं झालंय. 'चालते की,' आजोबा म्हणाले, आणि खरंच चालते. त्या बाटलीवर दाबच नाही, तिला फक्त सांडलेलं झेलायचं आहे. मला मात्र, मध्यमवर्गीय असल्यामुळे, एवढ्या स्वस्तात सुटल्याचं समाधान सोसणार नव्हतं.

म्हणून सुरुवातीला मी ॲल्युमिनियमच्या प्रेमात पडलो. काही कारागीर हाताने वेल्ड करून गोल नळकांड्याचे डबे करून देतात, आरशासारखे घासलेले, बाजूला सुबक शिवण. त्यातल्या एका प्रकारात पाणी कडेने तिरकं आत सोडतात. ते गोल फिरतं, हवा हलकी म्हणून मधोमध जमते आणि वर निघून जाते. शर्यतीच्या गाड्यांत हा प्रकार असतो. मी शर्यतीला जाणार नव्हतो, पण डबा जाऊ शकला असता. पुढे अडचणी दिसू लागल्या. ॲल्युमिनियममधून आतलं दिसत नाही. पाणी किती आहे, हे बघायला झाकण उघडायला हवं, आणि तापल्यावर झाकण उघडायचं नाही. मग बाजूला एक काचनळी लावा, तिला दोन सांधे, म्हणजे गळायला आणखी दोन जागा. शिवाय झाकणाच्या मानेच्या खोल्या वेगवेगळ्या असतात: आखूड मानेवर लांब पोचाचं झाकण नीट बसत नाही, आणि लांब मानेवर आखूड पोचाचं झाकण वरून घट्ट लागतं, पण आत त्याची रबरी चकती कुठेच टेकत नाही. बाहेरून सगळं ठाकठीक, आत दाब शून्य.

फोर्डचा स्वतःचा डबा, झेटेकच्या माहेरचा, मी मोडीत निघालेल्या गाड्यांच्या अड्ड्यावर हातात घेऊन पाहिला. भला दांडगा आणि मूळ गाडीच्या कोपऱ्याला फिट बसावा म्हणून वेडावाकडा. सेव्हनमध्ये तसा कोपराच नाही. तो बसवायचा तर गाडी त्याच्याभोवती बांधावी लागली असती.

आणि मग गोळा. फोक्सवॅगनने गोल्फ, पोलो, पसाट असल्या गाड्यांत वर्षानुवर्षं एक चेंडूसारखा गोल डबा वापरला, निळ्या झाकणाचा. किट कार बांधणाऱ्यांत त्याला जवळजवळ कुलदैवताचा मान आहे. पहिल्यांदा बघताना तो विनोदीच वाटतो. पण गोलाच्या आत दाब भरला की तो सगळीकडे सारखा वाटला जातो. सपाट बाजूच नाही, तर फुगणार कुठे? चौकोनी डब्याच्या बाजू पोट सुटल्यासारख्या बाहेर येतात, गोळा तसाच राहतो. आतलं पाणी बाहेरून दिसतं. वर बारीक नळी, खाली जाड नळी, म्हणजे मला हवं तेच. लाखोंनी बनला, त्यामुळे महाग नाही. जुना घ्यायचा नाही एवढंच. वर्षानुवर्षं उकळून प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, आणि मग एके दिवशी त्याला चीर जाते.

याच सुमारास मी काकांना फोन केला. काका एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. इंजिन या विषयावर ते माझ्याशी शांतपणे बोलतात, बाकी कुठल्याच विषयावर नाही.

"किती लिटरचा डबा म्हणालास?"

"दीडएक लिटरचा, काका. निम्मा रिकामा ठेवायचा."

"रिकामा ठेवायला विकत घेतोयस?"

मी प्रसरणाचा हिशेब सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, ही मोठीच गोष्ट.

"आमच्या वेळी गाडी पाणी प्यायची," ते म्हणाले. "घाट चढायच्या आधी रेडिएटर बघायचा, वर पोचलं की परत बघायचा. झाकणावर ओलं पोतं टाकायचं, पाव वळसा द्यायचा, फुस्स झालं की थांबायचं. मग काढायचं."

"तेव्हा डबा नव्हताच ना पण?"

"होता की. पत्र्याचा. ड्रायव्हरच्या सीटखाली."

हा इतिहास काकांना वाटतो त्याहून बराच जुना आहे. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ बाई नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन, सोबत दोन मुलं, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. शंभरएक किलोमीटर. त्या गाडीला रेडिएटरच नव्हता. इंजिनाभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि त्यातूनच इंजिन थंड राहायचं. म्हणजे वाटेत जिथे विहीर, ओढा किंवा खानावळ दिसेल तिथे थांबून पाणी ओता. बंद पडलेली इंधनाची नळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, हे सगळे कौतुकाने सांगतात. पाण्याचं कुणी सांगत नाही. त्या गाडीचा डबा म्हणजे मानहाइम ते फोर्त्सहाइममधली सगळी गावं! पुढे विल्हेल्म मायबाखने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, तो १९०१च्या पस्तीस अश्वशक्तीच्या मर्सिडीजवर आला. फोर्डच्या मॉडेल टीने, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या, तर पंपही टाकून दिला. गरम पाणी वर जातं आणि गार खाली येतं, एवढ्या भांडवलावर ती गाडी चालायची. पण पाणी सगळ्यांचंच उडायचं. तेच ते पाणी गाडीत कायमचं कोंडून ठेवायची कल्पना सामान्य माणसाच्या गाडीत नीट रुजली ती १९६१च्या रेनो ४मध्ये. तिचा डबा चक्क काचेचा होता, लोणच्याच्या बरणीला लाजवील असा.

काकांचा शेवटचा सल्ला मात्र पुस्तकात घालावा इतका नेमका होता. "कुठलाही घे. उंच बसव." थोडं थांबून म्हणाले, "आणि पासिंगचं काय? असल्या घरी केलेल्या गाडीचं पासिंग करतात तिकडे?"

करतात. फार मन लावून करतात. आधी १९९८पासून एक तपासणी होती, २००९पासून तिची जागा आय.व्ही.ए. नावाच्या अधिक कडक तपासणीने घेतली. निरीक्षक १०० मिलिमीटर व्यासाचा एक गोळा घेऊन गाडीभोवती फिरतो. तो गोळा बाहेरून ज्या ज्या ठिकाणी टेकू शकतो तिथली कुठलीही कड अडीच मिलिमीटर त्रिज्येपेक्षा तीक्ष्ण असता कामा नये. कल्पना चालत्या माणसाचं रक्षण करायची आहे आणि चांगलीच आहे, पण एक सरकारी नोकर गंभीर चेहऱ्याने गाडीवर गोळा फिरवतोय, हे दृश्य मला आवडतं. उंचीचा प्रश्न सोडवायला काही जण बॉनेटला भोक पाडून डब्याची मान बाहेर काढतात. तसं केलं तर निरीक्षकाचा गोळा झाकणाच्या कडांपर्यंत पोचणार. म्हणून माझा गोळा बॉनेटच्या आतच राहणार, आणि दोन गोळ्यांची भेट होणार नाही, हे ठरलं.

आता आत बसवायचा तर मापं. पायांपुढच्या पेटीवर, ज्या फळीवर बॅटरी असते तिच्या शेजारी, थोडी जागा होती. मुलीचा एक रबरी चेंडू डब्याच्या मापाच्या जवळपास निघाला. तो फळीवर ठेवायचा, वर खेळायच्या मातीची गोळी, हलकेच बॉनेट लावायचं, काढायचं आणि चपटी झालेली माती मोजायची. माती जितकी जाड उरली तितकी फट. मुलगी शेजारी उभी राहून चेंडू कधी परत मिळेल, हे विचारत होती आणि मला एवढंच कळत होतं की इंजिनाच्या हादऱ्यांसाठी फट आणखी थोडी हवी. फळी खाली घेतली तर चेंडू पाण्याच्या तोंडाहून खाली जाई. वर घेतली तर माती कागदाएवढी उरे. शेवटी चेंडू होता तिथेच राहिला आणि पाण्याचं तोंडच बदललं: मागच्या भिंतीकडे बघणाऱ्या तोंडाऐवजी एक बुटकं, बाजूला वळलेलं तोंड बसवलं. डबा बसावा म्हणून इंजिनाने मान वळवली. नळी मात्र डब्यापर्यंत सतत चढती हवी. मधे कुठे उंटाच्या पाठीसारखी कमान झाली तर हवा त्या मदारीत मुक्काम ठोकते.

डब्यात काय भरायचं, हे खातं बायकोचं. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते, आणि मी 'कूलंट' म्हटलं की 'म्हणजे नेमकं काय?' असं विचारते. तिच्या मते माझ्यासारखी माणसं रंगावर जातात. गुलाबी चांगलं, निळं जुनं, हिरवं स्वस्त. "रंग नुसता ओळखीसाठी असतो, आणि ती ओळखसुद्धा प्रत्येक कंपनीची वेगळी. आत सिलिकेट आहे का सेंद्रिय आम्ल आहे, ते वाच. एकात दुसरं मिसळू नकोस, साका बसतो." निम्मं पाणी, निम्मं एथिलीन ग्लायकोल: उणे पस्तीस अंशांच्या खाली जाईपर्यंत गोठत नाही, उघड्यावर शंभराच्या पुढे सहा-सात अंशांनी उकळतं, एक बार दाबाखाली सव्वाशेच्याही पुढे. मला वाटलं, मग ग्लायकोलच जास्त घालावं. त्यावर तिने वहीचं पान फाडलं. ग्लायकोल मिसळलं की पाण्याची उष्णता वाहून न्यायची ताकद पाचव्या-सहाव्या हिश्श्याने कमी होते. जे उशिरा उकळतं ते कमी वाहून नेतं. "आणि हे," कॅनकडे बोट करून ती म्हणाली, "झाकण लावून वरच्या फळीवर. चव गोड असते. एखाद-दोन चमच्यांत मांजर जातं."

शेजारच्या आजोबांचं मांजर आमच्या गॅरेजात दिवसातून अनेकदा हजेरी लावतं, त्यामुळे त्या दिवसापासून गॅरेजात कूलंटची शिस्त ऑपरेशन थिएटरसारखी आहे. एरवी मी ब्रेक फ्लुइडचाही डाग पुसायला विसरतो.

पाणी भरणं हा वेगळाच संयम. हीटरची तोटी उघडी, डबा उघडा, सावकाश ओतायचं, वरचे होजपाइप हाताने पिळायचे, डब्यात बुडबुडे येतात, पातळी उतरते, पुन्हा ओतायचं. मग इंजिन सुरू करायचं आणि डब्याकडे बघत उभं राहायचं. बराच वेळ काहीच घडत नाही. मग थर्मोस्टॅट उघडतो, वरचा होज एकदम गरम होतो, पातळी झटक्यात खाली जाते आणि पोटात गोळा येतो. पुन्हा थोडं ओतलं की निळं झाकण लावायचं. पंखा सुरू होईस्तोवर पातळी मॅक्सच्या रेषेवर चढलेली होती. बायकोने वहीच्या पानावर जिथे खूण केली होती, साधारण तिथेच. तिने बघितलं, मान हलवली आणि उत्तरपत्रिका तपासायला आत गेली. मी आणखी काही वेळ त्या उरलेल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिलो. इतकी महाग हवा मी पूर्वी कधी घेतली नव्हती.

एक थेंब मात्र खालच्या होजच्या सांध्यावर जमतोय. डब्याचा दोष नाही, क्लिपचा आहे. आता स्क्रूने आवळायची क्लिप ठेवायची की कंपन्या वापरतात तशी स्प्रिंगची? स्क्रूवाली हवी तितकी घट्ट होते, पण रबर थंडीत आकसलं की तिला ते कळत नाही. स्प्रिंगवाली रबराबरोबर लहानमोठी होते, पण काढताना पक्कड सटकून हनुवटीवर येते. दोन्हींच्या बाजूने पुष्कळ बोलता येण्यासारखं आहे, आणि शेजारचे आजोबा ते बोलण्यासाठी घरून घडीची खुर्ची घेऊन आले आहेत.